संगमरवरी बाईच्या स्वाधीन

माझी श्रद्धा फार मोठी आहे असं नाही. दत्त महाराजांपुढे दिवा लावते, एवढंच. यजमान गेले तेव्हा मी हट्ट धरला, अस्थी गोदावरीतच जातील. पण मायदेशी जायला मुलाला रजा मिळेना. आमच्याकडे विसर्जनाआधी अस्थी घरात आणत नाहीत, स्मशानातल्या झाडाला बांधून ठेवतात. इथे परदेशात, हॅरिस पार्कच्या भाड्याच्या फ्लॅटला ना अंगण, ना झाड. शेवटी मुलाला न सांगता मी अस्थींचा तांब्या फडक्यात बांधला आणि जवळच्या जुन्या दफनभूमीत नेला.

तिथे विलायतेतल्या एका सरदार घराण्याची समाधी आहे. वर पांढऱ्या संगमरवराची बाई, डोक्यावरून पदर घेतल्यासारखं वस्त्र, मान खाली, कुशीत झाकलेला घडा. तोही राखेचाच असणार असं मला वाटलं. तिच्या पावलांमागे तांब्या ठेवला. म्हटलं, एक सांभाळतेस, आणखी एक सांभाळ. रोज सकाळी जाऊन बघत होते.

नवव्या दिवशी तांब्या नव्हता.

एवढ्या वर्षांचा जोडीदार मी उघड्यावर ठेवून हरवला होता. रडू आलं नाही, स्वतःचा राग आला. पायरीवर बसून म्हटलं, "महाराज, माझं डोकं संपलं. आता तुम्ही बघा." मग मुलाला फोन केला.

तो कामावरून धावत आला. "आई, तू बाबांना इथे ठेवून गेलीस? सीरियसली?"

"ओरड नंतर. आधी शोध."

समाधीच्या कडेला प्लास्टिकच्या पिशवीत एक चिठ्ठी होती. मीच ती कचरा समजून पायाने सारली होती. मुलाने वाचली. गवत कापायला माणसं येणार आहेत, ती फेकून देतील म्हणून तांब्या घरी नेला आहे. खाली पत्ता.

दार माझ्याच वयाच्या गोऱ्या बाईने उघडलं. ती त्या घराण्याची सून. वर्षातून एकदाच समाधी पुसायला येते, ती नेमकी आदल्या दिवशी आली होती. "नो वरीज, लव्ह," म्हणाली आणि मागच्या अंगणात घेऊन गेली. घरात कुत्रा, सांडून ठेवेल, म्हणून तिने तांब्या झाडाला टांगला होता. आमची रीत तिला कोणी सांगितली, मी विचारलं नाही. फडक्याची गाठ माझीच होती. तांब्या छातीशी धरला तेव्हा कुठे नीट श्वास घेता आला.

परतताना मुलाला म्हटलं, गोदावरी राहू दे. नदी कोणती ते मी देवाला बजावत होते आणि माझ्याच्याने एक तांब्या सांभाळला गेला नाही. रविवारी इथल्याच समुद्रात यजमानांना निरोप दिला. ती बाईही आली, चपला काढून उभी राहिली. महाराजांचे उपकार कसे मानावेत मला कळत नाही. पुढे काय कसं व्हावं ते त्यांना सांगत बसणं मात्र सोडलं. त्या दिवशी घरी येऊन पोटभर जेवले.