कोंडाबाईंच्या तीन मुठी

मंडळी, दुपारपासून वही समोर घेऊन बसलेय.

बालाघाटच्या डोंगरातल्या वस्त्यांवरचं जुनं खाणं लिहून ठेवायचं, हे माझं संशोधन. मागच्या उन्हाळ्यात कोंडाबाईंनी मला चुलीपुढं बसवून हुलग्याचं पेजेसारखं माडगं शिकवलं. आज त्यांचा तेरावा होता.

मी पोचले तेव्हा त्यांची सून भागीरथी पातेल्यापुढं रडत होती.

"ताई, एकदा लई घट्ट झालं, एकदा नुसतं पाणी. आत्याबाईंना हाच निवद दाखवायचाय. तुमी लिहून नेलंय न्हवं, वाचा की!"

मी मोठ्या विश्वासानं वही उघडली. 'भाजलेल्या हुलग्याचं पीठ, तीन मुठी.'

भागीरथीनं पिठात हात घातला आणि थांबली.

"कुणाच्या मुठी, ताई? आत्याबाईंची बोटं वाकडी झालती. मूठ पुरती मिटतच नव्हती त्यांची."

माझ्याकडं त्या चुलीची मापं आहेत, पातेल्याचे फोटो आहेत. त्यांची एक मूठ वाटीत रिकामी करून बघावी, एवढं मात्र सुचलं नाही.

शेवटी अंदाजानंच केलं. ते त्यांच्यासारखं झालं का, हे सांगू शकणारं माणूस हार घातलेल्या फोटोत होतं.

तुमच्या घरी अजून कोण मुठीनं मोजतं?