त्यातलं एक वजा

मी विमानांचा आकडा सांगितला रे सांगितला, की आमचे शेजारचे आजोबा एक बोट वर करायचे. "माय फ्रेंड, त्यातलं एक वजा करा!"

ते मूळचे पोलंडचे, आम्ही डोंबिवलीचे. अमेरिकेत वेस्ट विंडसरला आमच्या दोन घरांमध्ये नुसतं एक कुंपण. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ऑफिसातून आलो की मी गराजमध्ये महायुद्धातल्या जर्मन फायटर विमानांची प्लॅस्टिकची मॉडेल्स जोडत बसायचो. आमची ही म्हणायची, "अहो, चाळिशी आली, खेळणी कसली जोडताय?" पण वेडच होतं हो! त्यातही आकड्यांचं जास्त. ‘एफ’ जातीची विमानं किती बनली, ‘जी’ जातीची किती, सगळं तोंडपाठ. ऐकायला गिऱ्हाईक एकच, हे आजोबा. हिच्या हातची चकली कुडुमकुडुम खात ऐकायचे. ‘एफ’ला काही म्हणायचे नाहीत. ‘जी’ आलं की बोट वर.

मला वाटायचं, म्हातारा फिरकी घेतोय. एकदा वैतागून म्हणालो, "अहो, पुस्तकात छापलंय! तुम्ही काय मोजायला गेला होतात?"

"बनवायला होतो," ते म्हणाले.

चकली बशीत ठेवून त्यांनी सांगितलं. त्यांना आणि त्यांच्या थोरल्या भावाला जर्मनांनी कैदी म्हणून विमानांच्या कारखान्यात जुंपलं होतं. काम शेपटीच्या पत्र्यांना रिव्हेट ठोकायचं. एका ‘जी’च्या शेपटीत ह्यांनी मुद्दाम रिव्हेट सैल ठोकले. तपासणीत ते सैल रिव्हेट सापडले. कोणी केलं म्हणून दरडावल्यावर ह्यांनी तोंड उघडायच्या आत भाऊ पुढे झाला.

"क्रेनला लटकवलं त्याला. आम्हाला उभं करून बघायला लावलं. ते विमान मोडीत काढलं, पण आकडा आधीच वर कळवला होता. तुमच्या पुस्तकात ते बनलंय. माझ्या भावानं ते बनू दिलं नाही."

बाप रे! हातात ‘जी’चीच शेपूट होती, गोंद लावलेली, ती तशीच बोटांना चिकटून बसली. आणि ह्या माणसासमोर मी रोज आकडे घोकत होतो! त्यांनी उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सांगत जा आकडे. फक्त एक वजा करा."

पुढे लायब्ररीत आम्हा मॉडेल जोडणाऱ्यांचं प्रदर्शन भरलं. ‘जी’समोरच्या पाटीवर मी पुस्तकातला आकडा एकने कमी करून लिहिला. आजोबा कोट-टाय घालून आले. चष्मा पुसून पाटी वाचली, टोपी काढली आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. घरी परतताना गाडीत माझा हात धरून बसले.

त्या थंडीत ते गेले. झोपेतच.

पुढच्या प्रदर्शनात पाटी तीच लावली. एक गृहस्थ वाकून वाचत होते. मग हळूच म्हणाले, "एक्सक्यूज मी, तुमचा आकडा एकने चुकलाय."

मी नुसतं एक बोट वर केलं.