शांतीची मेणबत्ती आणि माझी शेळी

चर्चमधून आत्ताच आले. साडीसुद्धा बदलली नाही, आधी तुम्हाला सांगते.

आगमनकाळाचा आज दुसरा रविवार, शांतीची मेणबत्ती लावायचा. आमच्या हिंगोलीच्या छोट्या चर्चमध्ये दर रविवारी एका घराला हा मान मिळतो. पाळकसाहेबांनी आमचं आडनाव घेतलं. मी उठले. पलीकडच्या बाकावरून माझ्या थोरल्या जाऊबाईही उठल्या.

उन्हाळ्यात माझ्या शेळीनं त्यांचा मेथीचा अख्खा वाफा खाल्ला. तेव्हापासून आमचा अबोला.

आता मागं कोण बसणार? दोघीही पुढं गेलो. दारातून वारा येत होता, माझी काडी दोनदा विझली. तिसऱ्यांदा जाऊबाईंनी दोन्ही हातांचा आडोसा धरला.

"लाव आता. काहून घाबरून राहिली?"

मेणबत्ती पेटली. इतके महिने मी येशूकडं मनाची शांती मागत होते, आणि वारा अडवायला त्यानं यांनाच उठवलं. मला तर तिथंच नाचावंसं वाटलं.

बाहेर पडताना जाऊबाई म्हणाल्या, "नाताळाला घरी ये. शेळी मात्र बांधून ये."

करंज्यांचं सारण आजच करायला घेते. तुमच्या घरी कोणाचा अबोला आहे का? पहिला शब्द कोण बोलणार?