पट्टा शिवणार कोण?

लालबागच्या आमच्या चाळीत त्या काळी समिती नेमल्याशिवाय कुठलंच काम होत नसे. संयुक्त महाराष्ट्रासाठी समिती असते, तर नळावरच्या रांगेसाठी का नको? त्यामुळे मी घरी सुऱ्या बनवायचं ठरवलं, तेव्हा त्यांना घासायला सहाण कोणती घ्यायची हा माझा खाजगी प्रश्न राहिलाच नाही.

हौस का लागली, सांगता येत नाही. कचेरीत दिवसभर कागदांना टाचण्या लावणाऱ्या माणसाला संध्याकाळी जरा अधिक लांब टोक हवंसं वाटत असावं. मोडक्या करवतीची पाती मिळाली होती. ती देणारा शेजारी गिरणीत फिटर. मालवणी माणूस, त्याचं मत विचारावं लागत नसे.

"दगडाचा चाक नको रे. एकान फिरवूचा, एकान पाता धरूचा. तुझा कोण फिरवतला, वैनी? पट्ट्याची कर."

पट्ट्याची सहाण म्हणजे लोखंड घासायच्या खरखरीत कापडाची टोकं जोडून पट्टा शिवायचा, तो दोन चाकांवर फिरवायचा आणि त्यावर पातं टेकवायचं. मोटर लावायची सोय नव्हती. आमच्याकडे कुणी इस्त्री लावली तरी मजला अंधारात जाई.

समिती बसली. अध्यक्ष निवृत्त मास्तर. त्यांनी महाराजांच्या तलवारीपासून सुरुवात केली. भाषण सुरीपर्यंत पोचेतो चहा संपला. ठराव झाला की चाक पायाने चालणारं असावं. तसं चाक चाळीत एकच होतं, माझ्या बायकोच्या शिवणाच्या मशीनचं. ठराव एकमताने मंजूर झाला. बायको सभेला नव्हती.

दिवाळी तोंडावर आलेली. निम्म्या चाळीचे परकर-पोलकी तिच्याकडे शिवायला होते. मशीन माहेरचं, त्यात तेलसुद्धा ती मला घालू देत नसे. ठराव तिच्या कानावर घालायचं मी रोज उद्यावर ढकलत होतो. शेवटी मास्तर स्वतःच आले, मागे पाना घेतलेला फिटर.

"वहिनी, व्यापक हित बघा. फक्त खालचं चाक नेतो. वरचं मशीन तुमचंच."

"म्हणजे मुंबई तुम्हाला आणि उरलेला महाराष्ट्र मला?" पाय न थांबवता तिने विचारलं.

फिटरने पाना पाठीमागे नेला.

मी खरखरीत कापड घेऊन दोघांच्या मागे उभा होतो. "अहो, तुमच्या हातात काय ते?" बायकोने मला विचारलं.

"पट्टा," मी म्हणालो. "म्हणजे व्हायचाय. शिवायचा राहिलाय."

"शिवणार कोण? आणि कशावर?"

मी मशीनकडे बघितलं. मास्तरांनीही बघितलं.

"मशीन मोडल्याशिवाय पट्टा फिरणार नाही आणि मशीनशिवाय तो शिवला जाणार नाही. आधी काय करायचं ते समितीला विचारून या. तोवर मला ही पोलकी संपवू द्या."

मास्तरांना प्रश्न मनापासून आवडला. त्यांनी जागच्या जागी उपसमिती नेमली. फिटर मात्र घुटमळला. "वैनी, आमच्या चेडवाचो परकर झालो?" मुलीचा परकर त्याच ढिगात होता, हे त्याला पाना आणताना सुचलं नव्हतं.

पाती मी अखेर नळाजवळच्या दगडावर घासली, जिथे बायका विळ्या घासायच्या. त्यांतून एक सुरी झाली. कांद्याची इच्छा असेल तर ती कांदा कापी.

उपसमितीचा निर्णय अजून यायचाय. सुरी मशीनच्या खणात असते. दोरे तोडायला बरी आहे, असं बायको म्हणते.