कालव्याचा उतार

वाहतं पाणी दिसलं की तुमचे आजोबा त्यात कडुनिंबाचं पान सोडून घड्याळ बघायचे. हर्सूल तलावाचा सांडवा असो की गल्लीतली नाली. सारी नोकरी कालव्यांवर गेलेली. "पाणी पळवायचं नसतं, चालवायचं असतं. पळालं की माती खातं," हे मी लग्नापासून ऐकत आले.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी घसरू नये म्हणून बाथरूमची गुळगुळीत फरशी बदलायचं ठरलं. शहागंजहून रफिक मिस्त्री आला. आजोबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. "गावोगाव पाणी नेलं मी. एवढीशी मोरी जमणार नाही?"

मोबाईलवर व्हिडिओ बघत त्यांनी स्वतः टाइल्स बसवल्या. सांधे अगदी सरळ, काम देखणं. मग दाराशी बादली ओतून पान सोडलं. ते रेंगाळत, थांबत कसंबसं जाळीला लागलं.

"पोचलं!" आजोबांनी टाळी वाजवली.

"आणि पाणी?" ते मधोमध साचलं होतं.

"चालतंय ते. तुला घाई फार."

रफिक मुद्दाम बघायला आला. "साब, उतार हाय, पण कालव्याचा हाय, नुसता नावाला. बाई पडतील ना."

"अरे, पाणी पळालं की माती खातं."

"साब, हितं माती कुठंय?"

मी हसले. रोज वायपरनं पाणी ढकलताना मी म्हणायचे, फोडा ते. "तुझा माझ्यावर विश्वासच नाही," ते म्हणायचे. एकदा ते लग्नाला वैजापूरला गेले होते, तेव्हाच रफिकला बोलावून फोडून घ्यायला हवं होतं. त्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसले. त्याचा राग माझा मलाच येतो.

तुम्हाला फोनवर सांगितलं, आजोबा न्यूमोनियानं गेले. ते अर्धंच खरं. त्या साबणाच्या साचलेल्या पाण्यात पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. अंथरुणाला खिळले, म्हणून न्यूमोनिया झाला. "म्हातारपण आहे, व्हायचंच," म्हणणाऱ्या बाईला मी चहासुद्धा विचारला नाही. काही व्हायचंच नव्हतं.

तेरावा झाल्यावर रफिकला बोलावलं. त्यानं फरशी फोडली, दाराकडची बाजू दोन बोटं उचलली, एवढंच. टाइल्स पक्क्या झाल्यावर मी बादली ओतून पान सोडलं. घड्याळाकडे बघेपर्यंत ते जाळीवर होतं.

"पळालं बघा," मी मोठ्यानं म्हणाले. "आता सांगा, माती कुणी खाल्ली?"

हत्यारं न्यायला आलेला रफिक मागं थापी धुवत होता. त्यानं नळ बंद केला.