दत्ता टेलरचा अर्ज

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. सांगू कसं? आल्यागेल्याला ती शोकेसमधली ढाल दाखवते. 'विश्वासाचे शिलेदार', आणि खाली माझं चुकीचं छापलेलं आडनाव. विम्याच्या समारंभात नाव कोण वाचतं? फेटा डोक्यावर नीट बसला की झालं.

विमा एजंटचं काम तसं वाईट नाही. घरातला माणूस गेल्यावर आपण चेक घेऊन जातो, तेव्हा त्या दारात मिळणारा मान आमदारालाही मिळत नाही. पण मार्च आला की साहेबांचे फोन—टार्गेट, टार्गेट—आणि झोप उडते.

अशाच एका मार्चमध्ये टेंभुर्णीला दत्ता टेलरच्या दुकानात मी त्याचा अर्ज भरत होतो. तो माझं माप घेत होता. शर्ट समारंभासाठीच. टेप माझ्या खांद्यावर धरून तो म्हणाला, "भाऊ, शुगरची गोळी चालू हाय माझी. तेवढं लिवा बराबर."

लिहिलं असतं तर जालन्याला तपासणी, मग रिपोर्ट—मार्च संपला असता. "ते कोण बघतंय, दत्ताभाऊ," मी म्हणालो. आजारांच्या सगळ्या प्रश्नांपुढे आम्ही एका दमात 'नाही' लिहितो. हाताला सवयच असते. त्यानं न वाचता सही केली. माझं माप मात्र दोनदा घेतलं.

दीड वर्षात तो गेला. कंपनीचा माणूस चौकशीला आला. आजार तुम्हाला सांगितला होता का? माझी एजन्सी, मुलीचं कॉलेज—राहू द्या. मी म्हणालो, "नाही."

मग त्याची बायको, लतावहिनी, कंपनीचं इंग्रजी पत्र घेऊन माझ्याकडेच आली. "वाचून सांगा भाऊ." मी वाचलं: मयतानं आजार लपवला, दावा नामंजूर.

"लपवला?" ती म्हणाली. "घरी येऊन मला म्हनले व्हते, भाऊला समदं सांगितलंय. तुम्हाला सांगितलं न्हाई का त्यांनी?"

"मला आठवत न्हाई, वहिनी."

ती ढालीखालच्या खुर्चीत बसली. पत्राची घडी केली आणि गेली.

आता मी प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचतो, उत्तर मिळेपर्यंत थांबतो. गिऱ्हाईक चाचरलं की त्याला समजावतो, "खरं सांगा. टेंभुर्णीच्या दत्ता टेलरसारखं करू नका."

परवाच एकाला सांगितलं. भोकरदनला.