नोंद करू नको

माझ्या नवऱ्याला फौजेतून घरी पाठवलं ते फिट येतात म्हणून. अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज केला, तर उत्तर आलं: आजार जन्मजात आहे, नोकरीमुळे झालेला नाही, नोकरीने वाढलेलाही नाही. हरकत असल्यास सहा महिन्यांत अपील करा. पत्र आधी यांच्या धुळ्याकडच्या गावी गेलं. सिल्वासात आमच्या हाती पडेपर्यंत चार महिने सरले होते.

सिल्वासातच टोकरखाड्यात आमची एक खोली होती. मी राखोलीच्या धागा कारखान्यात कामाला. यांनाही तिथेच गेटवर वॉचमन म्हणून घेतलं होतं, पण तिसऱ्याच आठवड्यात ते आत येणाऱ्या ट्रकसमोर कोसळले. ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून वाचले. सुपरवायझर म्हणाला, "बेन, इनको घर पे ही रखो."

कारखान्यातल्या पुण्याच्या एका इंजिनियरांनी इंग्रजीत अपील लिहून दिलं. ते फेटाळलं. पहिली फिट बर्फातल्या चौकीवर आली, असं आम्ही म्हणत होतो. कागदावर तशी नोंदच नव्हती. का नव्हती, हे विचारलं की हे भिंतीकडे तोंड करून पडायचे.

शेवटी नाशिकची एसटी धरली आणि त्यांच्याबरोबर चौकीवर असलेल्या सोबत्याचं गाव गाठलं. त्याने चहा पुढे केला. मग म्हणाला, "वहिनी, वरून बर्फाचा मोठा तुकडा आला तो याच्या डोक्यात बसला. आठवड्याने पहिला झटका. मी वायरलेसवर कळवायला निघालो, तर यानेच हात धरला. म्हणाला, कायमचं घरी बसवतील. नोंद करू नको."

परत येऊन मी यांना विचारलं, "खरं आहे?"

"हो."

आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ताट वाढायची आणि उठायची.

दुसऱ्या अपिलात सगळं खरं लिहायचं, असं मी ठरवलं. इंजिनियर म्हणाले, "ताई, सोबत्याचं निवेदन जोडू. पण यांनी लपवलं ते लिहू नका, अंगाशी येईल."

मी ऐकलं नाही. खरं लिहिलं तर वाचणाऱ्याला माणसाची अडचण कळेल, असं मला वाटत होतं.

सही करताना हे थांबले. "फौजेला फसवलं असं होईल गं."

"आणि आम्हाला फसवलंत ते?" मी बोलून गेले.

त्यांनी सही केली.

उत्तर यायला दीड वर्ष लागलं. इंजिनियरांनी मशीनजवळच उभं राहून वाचलं. आजार लपवल्याचं अर्जदाराने स्वतःच कबूल केलं आहे, सबब अपील नामंजूर. त्यांनी कागद माझ्या हातात दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी पाळी संपेपर्यंत बॉबिन भरत राहिले.

घरी मी एवढंच म्हटलं, "माझं चुकलं."

यांनी कागद घडी घालून ठेवला. मग विचारलं, "अजून कुठे अर्ज करता येतो का?" एवढ्या वर्षांत अपिलाबद्दल त्यांनी स्वतःहून काही विचारलं ते पहिल्यांदाच.

"कोर्ट आहे. मुंबईला."

वकिलाचा खर्च झेपणारा नव्हता, कोर्टात आम्ही गेलो नाही. फिट वाढल्या, तशी ते रस्त्यावर जाऊन पडू नयेत म्हणून कामावर जाताना मी खोलीला बाहेरून कडी घालू लागले. पहिल्या दिवशी हात कडीवरच थबकला. आतून त्यांचा आवाज आला, "लागली का नीट? ओढून बघ."

मी ओढून बघितली.